डिस्टोपिया शिकताना: आपण विन्स्टन, की उरलेले ८५ टक्के?

सीतादही | १४ नोव्हेंबर, रात्री ९:५२

राम राम मंडळी. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, इंग्रजी वाङ्मय घेऊन. गाव दारव्हा तालुक्यात, कॉलेजला एसटीनं जाणं-येणं. यंदा आम्हाला डिस्टोपियन फिक्शन (म्हणजे भयाण जगाच्या गोष्टी) आहे: जॉर्ज ऑरवेलची '१९८४' अख्खी, आणि ई. एम. फॉर्स्टरची 'द मशीन स्टॉप्स' ही लांब कथा. गाईडमध्ये आहे ते पेपरात लिहीनच. गाईडमध्ये नाही ते इथं लिहिते.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. '१९८४' प्रसिद्ध झाली १९४९ मध्ये. ओशनिया नावाच्या राज्यात एकच पक्ष. पक्षाच्या माणसांच्या घरात टेलिस्क्रीन, तो दाखवतोही आणि पाहतोही. विन्स्टन स्मिथ सत्य मंत्रालयात नोकरीला आहे. काम काय, तर पक्षाचं भाकीत चुकलं की जुन्या पेपरातला मजकूरच बदलायचा आणि मूळ कागद भट्टीत टाकायचा. तो चोरून डायरी लिहितो, प्रेमात पडतो, धरला जातो, आणि शेवटी त्याला आतून मोडतात.

आमचे सर उतारा इंग्रजीतून वाचतात आणि समजावतात वऱ्हाडीतून. विन्स्टनचा छळ करणारा पक्षाचा अधिकारी ओब्रायन बोटं दाखवून 'किती?' विचारतो तो भाग सरांनी असा सांगितला: "पक्ष म्हनते पाच, तं पाच. तुले चार दिसून राह्यले तं डोळे तुहे खराब." वर्ग हसला. पुढचं पान सुरू झाल्यावर कोणी हसलं नाही.

१०१ नंबरच्या खोलीचं तर विचारू नका. तिथं माणसाला ज्याची सगळ्यात जास्त भीती तेच ठेवलेलं असतं, विन्स्टनसाठी उंदीर. आमच्या वर्गात उंदराला कोण भिते? मागून एकानं विचारलं, "सर, मण्यार काहून नाई ठेवली?" मग सरांनी कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या, नाव न घालता आपापली खोली लिहा म्हणाले, आणि गोळा करून मोठ्यानं वाचायला लागले. इंग्रजीचा पेपर. पाल. नापास. लग्न (ही हसत हसत). मग एक आली: फवारणीचं औषध कुठं ठेवलं ते बाबाला माहीत आहे. पुढची पण तशीच, अक्षर वेगळं. सरांनी उरलेल्या चिठ्ठ्या खिशात घातल्या आणि तास सोडून दिला.

पण धागा काढायचं कारण वेगळं आहे.

वर्गात आम्ही सगळे विन्स्टन होऊन वाचतो. गाईडमधले प्रश्नही तसेच, की विन्स्टनच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं. मी मात्र एका आकड्यावर अडले. पक्षाची माणसं ओशनियात १५ टक्के. उरलेले ८५ टक्के म्हणजे प्रोल, कष्टकरी. त्यांच्या बहुतेक घरांत टेलिस्क्रीनच नाही. त्यांनी काम करावं, पोरं वाढवावी, लॉटरीचे आकडे लावावे, एवढ्यात पक्षाचं भागते. प्रोल आणि जनावरं मोकळी, असं पक्षाचं घोषवाक्यच आहे. मी सरांना विचारलं, "सर, या पुस्तकात आपलं गाव कुठं बसते?" सर म्हणाले, "बसते, पन परीक्षेत लिहू नको."

मग मी प्रोल कुठं कुठं येतात तेवढीच पानं परत वाचली. फार नाहीत. आशा असेल तर ती प्रोलमध्येच आहे असं विन्स्टन डायरीत लिहितो, आणि त्यांच्यापैकी एकाशीच नीट बोलायला जातो, दारूच्या गुत्त्यात. म्हाताऱ्याला विचारतो की क्रांतीच्या आधी जगणं बरं होतं का आताचं बरं. म्हातारा सांगतो की आधी पाइंटानं बिअर मिळायची, आता अर्धा लिटर पुरत नाही आणि पूर्ण लिटर घेतली तर लघवीला पळावं लागते. मेव्हणीच्या मयतीला उंच टोपी भाड्यानं आणली होती तेही सांगतो. विन्स्टन वैतागून उठतो. गाईड म्हणते, हे नष्ट झालेल्या स्मृतीचं प्रतीक. मला तर म्हाताऱ्याचं उत्तर नेमकं वाटलं. सरकार बदललं तर त्याच्या हातात काय बदललं? माप. तेच त्यानं सांगितलं.

माझ्या आबाजींना स्वातंत्र्य, सत्ता असलं काही विचारा, ते कापूस एकाधिकारावर येतात. १९७२ ला योजना आली, कापूस सरकारलाच घालायचा, पहिला चुकारा केव्हा, दुसरा केव्हा, गाडी सीमेपलीकडं नेताना कोण धरल्या गेलं. विन्स्टन आबाजींपाशी बसला असता तर पाच मिनिटांत उठला असता. त्याला जे पाहिजे ते त्यात होतं, पण ते क्विंटलमध्ये होतं.

टेलिस्क्रीनची भीती आम्हाला शिकवावी लागली, हे खरं. आमच्याकडं उलटा कारभार. आजीचा अंगठा रेशनच्या यंत्रावर उठत नाही. जन्मभर निंदण-वेचण केल्यावर बोटावर रेषा राहते का? श्रावणबाळ या म्हाताऱ्यांच्या सरकारी योजनेचे महिन्याचे १५०० रुपये चालू राहावे म्हणून दरवर्षी हयातीचा दाखला लागते. मोबाईलसमोर बसवलं, मोबाईल म्हणतो डोळ्यांची उघडझाप करा. मोतीबिंदूचा डोळा, ती किलकिले करून पाहते, ते घेत नाही. विन्स्टन पडद्यापासून तोंड लपवतो आणि माझी आजी पडद्याला तोंड दाखवून दाखवून थकते. हे कोणत्या प्रकारचं डिस्टोपियन फिक्शन, ते गाईडमध्ये दिलेलं नाही.

फॉर्स्टरची कथा १९०९ ची आहे. माणसं जमिनीखाली एकेकट्या खोलीत राहतात. हवा, अंथरूण, गाणं, व्याख्यान सगळं बटणावर. एकमेकांना तबकडीवर पाहतात. एक दिवस यंत्र थांबतं आणि सगळा कारभार आटोपतो. आमच्या वर्गाची प्रतिक्रिया: "डीपी जळाली असंन." (डीपी म्हणजे गावचा विजेचा ट्रान्सफॉर्मर.) पण त्यातला एक तुकडा कोणाला समजावून सांगावा लागला नाही. यंत्र थांबायच्या आधी गाण्यात खरखर येते. लोक तक्रार करतात. उत्तर मिळते की दुरुस्तीचं यंत्रच नादुरुस्त आहे. मग लोकांना खरखरीची सवय होते.

असो, लांबलं. तुम्ही वाचली असेल तर सांगा, तुम्ही कोण होऊन वाचली?

ठेचा | १४ नोव्हेंबर, रात्री १०:२०

वा वं ताई! डीपीवर लय हासलो.

मी बुक नाई वाचलं, यूट्यूबवर पाह्यलं. त्यात तो ओगिल्वी का कोन आहे ना, विन्स्टन बसल्या बसल्या जन्माले घालते त्याले. असा मानूस झालाच नाई, पन पेपरात त्याचा फोटो, शौर्य, मरन, सारं. मले वाटलं ह्या ऑरवेलनं आमच्याकडचं रोजगार हमीचं जुनं मस्टर पाह्यलं. त्यात असे कितीक ओगिल्वी माती टाकून गेले राजेहो, नाला मात्र जिथल्या तिथंच.

इंद्रधनू | १४ नोव्हेंबर, रात्री ११:०५

सीतादही, फार छान लिहिलंय तुम्ही. पण दोन ठिकाणी मला थांबावंसं वाटतं.

एक, प्रोलांकडे पक्षाचं लक्षच नाही असं नाही. थॉट पोलिसांचे (लोकांच्या विचारांवर पहारा ठेवणाऱ्यांचे) हस्तक त्यांच्यात फिरत असतात, अफवा पसरवतात आणि जो डोकेबाज निघेल असं वाटतं त्याला हेरून संपवतात, असं कादंबरीत स्पष्ट आहे. बाकीच्यांसाठी सत्य मंत्रालयातच वेगळा विभाग आहे: चावट कादंबऱ्या, गुन्ह्यांची वर्तमानपत्रं, यंत्रावर जुळवलेली गाणी. हेही नियंत्रणच.

दुसरं, प्रोलांच्या बहुतेक घरांत टेलिस्क्रीन नाही, कारण १९४८ च्या कल्पनेत ते खर्चिक होतं आणि त्याची गरजही नव्हती. आज पडदा स्वस्त आहे. तो तुमच्या गावातही प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि रिचार्ज आपणच मारतो. आजीला यंत्र ओळखत नाही हे दुःख खरं आहे, पण यंत्र ओळखायला लागलं की प्रश्न सुटला असं तुम्हाला वाटतं का? मला तिथून पुढची जास्त भीती वाटते.

सीतादही | १५ नोव्हेंबर, सकाळी ६:४०

ताई, मला तू म्हणा.

हस्तकांचं बरोबर आहे, ते पान माझ्यासमोर आहे. पण त्यात सुद्धा पाहा, पक्ष कोणाला हेरतो? जो 'धोकादायक होऊ शकेल' त्याला. म्हणजे दखल घ्यायची ती संपवायच्या वेळी. त्याच्या आधी नाही.

यंत्रावरच्या गाण्यांबद्दल मला बोलायचंच होतं. विन्स्टन खिडकीतून खाली पाहतो, एक जाडजूड बाई लंगोट वाळत घालत तेच यंत्रानं जुळवलेलं गाणं म्हणत असते. गाणं फालतू, पण तिच्या गळ्यात ते चांगलं वाटतं असं त्यालाच वाटते. तिला पाहून त्याला सगळी आशा दिसते. आणि खाली उतरून तो तिच्याशी एक शब्द बोलत नाही! आमच्याकडं वेचणीच्या बाया कमरेला ओटी बांधतात, मोबाईल त्यात खोचतात आणि दिवसभर रीलचं गाणं वाजते. मी पण असते त्यात. त्या गाण्याचं काय करायचं ते आम्ही ठरवतो, निदान ओळीतल्या शेवटच्या शब्दाचं तरी (इथं लिहिण्यासारखे नसतात). कोणी धुऱ्यावर उभं राहून आमच्याकडं आशेनं पाहायला लागलं तर मी पहिलं विचारीन, "भाऊ, ओटी बांधता का?"

ओळखणाऱ्या यंत्राची भीती, तुमचं म्हणणं पटते. पण आजीला आधी धान्य आणू द्या. मग आपण दोघी मिळून भिऊ.

लाईनमन | १५ नोव्हेंबर, दुपारी १:१५

डीपीवर हसणाऱ्यांनो, मी विजेच्याच खात्यात ढेकळं तुडवतो. डीपी आपोआप जळत नाही. ६३ केव्हीएच्या डीपीवर मंजूर पंप वेगळे आणि प्रत्यक्षात रात्री चोरून तारांवर पडलेले आकडे वेगळे. ऑइल कमी, फ्यूजच्या जागी जाड तार. मग ती जळते आणि शिव्या खांबावर चढणाऱ्याला.

ताईला एक विचारतो. त्या यंत्राच्या कथेत लाईनमन आहे का?

सीतादही | १५ नोव्हेंबर, दुपारी ४:३०

भाऊ, हा प्रश्न सरांनी पण कधी विचारला नाही.

नाही. तक्रार घेणारी समिती आहे, लाईनमन नाही. उलट असं म्हटलंय की अख्खं यंत्र समजणारा एकही माणूस उरलेला नाही. ज्याला त्याला आपला तुकडा माहीत. आधी जे हुशार होते ते नियम लिहून ठेवून मेले, आणि ते नियम लोक पोथी वाचल्यासारखे वाचतात.

लाईनमन | १५ नोव्हेंबर, सायंकाळी ७:०२

तेच म्हटलं. लाईनमन असता तर कथा इतक्या लवकर संपली नसती.

मास्तर_कारंजा | १५ नोव्हेंबर, रात्री ८:४८

पोरी, धागा दोनदा वाचला. तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग.

या लेखकाची जन्मतारीख तुला पाठ असेल: २५ जून १९०३, आपल्याच देशात, बिहारमधल्या मोतीहारीत. वडील अफूच्या सरकारी खात्यात. पुढे तो स्वतः ब्रह्मदेशात पाच वर्षं पोलीस अधिकारी होता, म्हणजे पहारा ठेवणाऱ्याची नोकरी त्यानं आतून पाहिलेली. आणि २५ जूनच्याच रात्री, १९७५ ला, आपल्याकडे आणीबाणी लागली. योगायोग आहे, त्याला अर्थ चिकटवू नये, पण त्या काळात हे पुस्तक ज्यांच्याकडे होतं त्यांना तो आठवत असे. तीन दिवसांनी 'इंडियन एक्स्प्रेस'नं अग्रलेखाची जागा कोरी सोडली. तो अंक नागपूरहून आलेल्या एका पाहुण्याकडे मी पाहिला.

आता तुझ्या मुद्द्याकडे. प्रोलांकडे कोणी पाहत नाही असं तू म्हणतेस. मी तेव्हा नुकताच शिक्षक म्हणून लागलो होतो. आम्हा मास्तरांना नसबंदीच्या 'केसेस'चं उद्दिष्ट असायचं. शाळा सुटली की वस्तीवर जायचं, कोणाला किती पोरं याची यादी करायची. देशभरात १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. आपल्या विधिमंडळानं तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. ज्यांच्याकडे कोणी पाहत नव्हतं असं तू म्हणतेस, त्यांच्या अंथरुणापर्यंत सरकार गेलं, आणि ती यादी माझ्या अक्षरात होती.

ऑरवेलनं हे लिहिलेलं नाही. त्याच्या पुस्तकात पक्षाच्या माणसाचं शरीर पक्षाचं असतं, प्रोलांचं त्यांचं त्यांना सोडलेलं. आपल्याकडे नेमकं उलट घडलं. तुझ्या आबाजींना हे विचारून पाहा.

ठेचा | १५ नोव्हेंबर, रात्री ९:१०

गुरुजी 🙏

वर्धेकर | १६ नोव्हेंबर, सकाळी १०:२५

मूळ गाव आर्वीकडे, सध्या पुण्यात आयटीत. शाळेत ग्रामगीता परीक्षा दिलेली, त्यामुळे एक विचार येतो. विदर्भातल्या पोरांना साहेबाचं दुःस्वप्न शिकवतात. आपल्या मातीत लिहिलेलं आदर्श गावाचं चित्र कोणत्या पेपरात आहे? तुकडोजी महाराजांनी ४१ अध्यायांत गाव कसं असावं ते मांडलं: सफाई, आरोग्य, शिक्षण, व्यसन, श्रम, सगळं. सेवाग्राम तर माझ्या गावाहून तासा-दीड तासावर.

पण (इथे मार पडणार) '१९८४' वाचल्यावर माझी एक अडचण झाली. विन्स्टनला पहाटे टेलिस्क्रीनवरची बाई ओरडून व्यायाम करायला लावते. हात पुरेसे खाली गेले नाहीत तर नंबरानं हाक: ६०७९ स्मिथ डब्ल्यू! सगळ्या गावानं एका वेळी उठायचं, एका वेळी झाडायचं, एका वेळी प्रार्थनेला बसायचं, हे कुठपर्यंत आदर्श आणि कुठून पुढे दुसरं काही?

खंजिरी | १६ नोव्हेंबर, सकाळी ११:०३

वर्धेकर, परीक्षा दिली पण वाचली नाही वाटते. मोझरीला, महाराजांच्या आश्रमात, एकदा येऊन राहा, मग बोला. सामुदायिक प्रार्थनेला जो येत नाही त्याला कोणी १०१ नंबरच्या खोलीत नेत नाही. माझा बाप चाळीस वर्षं गेला नाही. गावानं त्याला जेवायला बोलावणं बंद केलं नाही.

वर्धेकर | १६ नोव्हेंबर, सकाळी ११:४०

भाऊ, महाराजांवर टीका नाही. प्रश्न कोणत्याही आदर्श गावाबद्दल आहे. न जाणाऱ्याला जेवायला बोलावतात का, हीच कसोटी असेल तर मला मान्य आहे. पण ती कसोटी लिहून कुठं ठेवली आहे? चांगल्या माणसांच्या जिवावर आहे ती.

वैनगंगा | १६ नोव्हेंबर, दुपारी १२:५५

गडचिरोलीतून. लिहून ठेवलेलं पाहिजे तर मेंढा (लेखा) पाहा. ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीनं. एक जण जरी नाही म्हणाला तरी विषय परत चर्चेला. वेळ लागतो, कंटाळा येतो, पण कोणी ६०७९ होत नाही. सामूहिक वनहक्काचा दावा देशात पहिल्यांदा मंजूर झाला त्यांत हे गाव आहे, २००९ मध्ये. बाहेरचे लोक येऊन 'युटोपिया' म्हणून फोटो काढतात. गावातल्यांना विचाराल तर ते बांबूच्या हिशेबाबद्दल बोलतील. सीतादहीच्या त्या म्हाताऱ्यासारखंच.

खंजिरी | १६ नोव्हेंबर, दुपारी १:२०

वैनगंगा, पटलं. वर्धेकर, पुढच्या पुण्यतिथीला या. भांडण तिथं पूर्ण करू.

प्रशासक | १६ नोव्हेंबर, दुपारी १:३१

ग्रामगीतेवर स्वतंत्र धागा काढावा ही विनंती. इथे मूळ विषयावर या. दोन प्रतिसाद उडवले आहेत. कोणाचे ते त्यांना माहीत आहे.

ठेचा | १६ नोव्हेंबर, दुपारी १:३३

घ्या. सत्य मंत्रालय आलं. भट्टी पेटवा.

पैसेवारी | १६ नोव्हेंबर, रात्री ८:१५

नवीन आयडी घेऊन आलो, नावावरून विषय समजला असेल. महसुलात होतो, आता निवृत्त.

विन्स्टनच्या कामातला एक प्रसंग कोणी काढला नाही याचं नवल वाटलं. बुटांचा. समृद्धी मंत्रालयानं तिमाहीत १४ कोटी ५० लाख जोड होतील असा अंदाज दिलेला. झाले म्हणे ६ कोटी २० लाख. विन्स्टन जुना अंदाज दुरुस्त करून ५ कोटी ७० लाख करतो, म्हणजे उद्दिष्टापेक्षा जास्तच उत्पादन. आणि त्याला माहीत असतं की कदाचित एकही बूट तयार झालेला नाही, अर्धी जनता अनवाणी आहे.

पैसेवारी (गावात पीक किती आलं त्याचा सरकारी आकडा) म्हणजे हेच, असं लोक म्हणतात म्हणून सांगतो, हेच नाही. पैसेवारीत आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग डिसेंबरअखेर अंतिम असे तीन आकडे येतात आणि तिन्ही कागदावर राहतात. गावात समिती असते, पीक कापणीचे प्रयोग होतात, शेतकरी हरकत घेऊ शकतो. ५० पैशांच्या खाली आली तर दुष्काळी सवलती, वर राहिली तर नाही. म्हणून त्या ५० भोवती जीव टांगलेला असतो आणि संशयही तिथेच असतो. विन्स्टनच्या राज्यात पहिला आकडा जाळून टाकतात. आपल्याकडे तो माहितीच्या अधिकारात मागता येतो. फरक छोटा वाटेल, पण मी आयुष्यभर त्या फरकावर पगार घेतला.

सीतादही | १६ नोव्हेंबर, रात्री १०:४०

पैसेवारी काका, हे मी पेपरात लिहिणार. बुटांचा उतारा सरांनी वाचला तेव्हा मागच्या बाकावरून "पैसेवारी!" अशीच आरोळी आली होती. त्या पोरांना उद्या तुमचा प्रतिसाद दाखवते.

गुरुजी, आबाजींना विचारलं. सरळ नाही विचारलं, वेचलेला कापूस गंजीवर टाकताना विषय काढला. आधी बोलले नाहीत. मग म्हणाले, त्या साली गावातले जवान गडी रात्री वावरात झोपायचे, जीप आली की पराटीत. किती जण धरल्या गेले, कोण मास्तर यादी घेऊन आला होता, त्याचं नाव, त्याच्या सायकलचा रंग, सगळं त्यांना आठवते. (तुम्ही नव्हता, गाव वेगळं.) आणि मग लगेच, "त्या साली भाव काय होता माहीत आहे का तुले?" त्यांनी भाव सांगितला.

म्हणजे आधी कधी सांगितलं नव्हतं, कारण आधी कोणी त्या बाजूनं विचारलंच नव्हतं. मी पण नाही.

तुमचं म्हणणं मी असं घेते: सरकारला ८५ टक्क्यांची आठवण येते ती आकडा पूर्ण करायचा असला की. नसबंदी असो, मस्टर असो, हयात असो. आजीचं तोंड पाहिजे असं नाही, आजी एक पाहिजे. हे ऑरवेलमध्ये नाही हे तुमचं खरं. त्यानं प्रोलांना मोकळं सोडलं कारण त्याला ते खिडकीतून दिसले.

इंद्रधनू | १६ नोव्हेंबर, रात्री ११:२०

खिडकीतून हे जरा अन्यायाचं होतंय हं. हाच लेखक १९३६ मध्ये उत्तर इंग्लंडच्या खाणकामगारांमध्ये जाऊन राहिला, खाणीत वाकून चालला, त्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या उतरवून घेतल्या. स्पेनमध्ये लढताना गळ्यात गोळी खाल्ली. त्याला खाली उतरणं माहीत होतं. विन्स्टनला उतरू दिलं नाही, ते मुद्दाम केलं असावं. विन्स्टन पक्षाचाच माणूस आहे, त्याची नजरही पक्षानं घडवलेली. त्यानं म्हाताऱ्याला कंटाळून उठणं हे लेखकाचं मत नसून विन्स्टनचा दोष आहे, असं वाचता येत नाही का?

सीतादही | १७ नोव्हेंबर, सकाळी ६:३५

येते. आणि ते जास्त चांगलं वाचन आहे. गाईडला मात्र दोन्ही माहीत नाही.

पण मग माझी तक्रार विन्स्टनवर राहते, आणि वर्गात आम्हाला विन्स्टनच व्हायला सांगतात.

पुस्तकीकिडा | १७ नोव्हेंबर, दुपारी ३:५०

एवढी चर्चा झाली आणि परिशिष्टाचं नाव नाही? कादंबरी संपल्यावर न्यूस्पीक या सरकारी भाषेवर एक परिशिष्ट आहे. ते साध्या, जुन्या इंग्रजीत आणि पूर्ण भूतकाळात लिहिलेलं आहे. म्हणजे ते लिहिणारा माणूस पक्षाचं राज्य संपल्यावर बसून लिहितोय असं बरेच वाचक मानतात. अमेरिकेतल्या एका मोठ्या बुक क्लबनं परिशिष्ट आणि गोल्डस्टाइनच्या (कादंबरीतल्या पक्षाच्या शत्रूच्या) पुस्तकाचा भाग काढा म्हणून सांगितलं होतं, मोठा पैसा अडकला होता, तरी ऑरवेलनं नकार दिला. शेवटी क्लबनंच माघार घेतली. उगाच नाही केलं त्यानं ते.

सीतादही, तुमच्या प्रतीत नसेल तर मूळ पुस्तक उतरवून घ्या. लेखक जानेवारी १९५० मध्ये गेला, आपल्याकडे मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क खुले होतात, त्यामुळे भारतात २०११ पासून ते फुकट वाचणं कायदेशीर आहे. दुवा व्यक्तिगत निरोपात टाकला आहे.

सीतादही | १८ नोव्हेंबर, रात्री ९:१५

मिळाला, धन्यवाद. दिवसा फाईल उतरत नव्हती, पहाटे उतरली. आमच्या कॉलेजच्या प्रतीत परिशिष्ट आहे पण ती पानं चिकटलेली होती, कोणी उघडलीच नव्हती.

वाचलं. भूतकाळात आहे, मान्य. न्यूस्पीक पूर्ण लागू करायला २०५० साल ठरवलं होतं असं शेवटी येते, आणि ते 'होतं' वाचून मला पण वाटलं की बाप्पा, गेलं वाटते राज्य. पण गेलं तर कोणी घालवलं? विन्स्टनचं म्हणणं होतं की घालवतील तर प्रोलच घालवतील. परिशिष्टात व्याकरण आहे, शब्दांच्या तीन याद्या आहेत, त्या ८५ टक्क्यांनी काय केलं त्याबद्दल एक ओळ नाही. सरांना हे सांगितलं. सर थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, परिशिष्टावर प्रश्न येत नाही.

तरी मी घुसवणार आहे. 'सत्तेचं स्वरूप' या प्रश्नात बुटं, पैसेवारी आणि मास्तरांची यादी बसते. बोनस गुण मिळाले तर अर्धे इथल्या मंडळींचे.

फाईल वर्गाच्या ग्रुपवर टाकली. तेव्हापासून एकच प्रश्न येऊन राह्यला: हे पण आहे का सिलॅबसला?

ठेचा | १८ नोव्हेंबर, रात्री ९:२१

सांग त्याइले, आहे म्हना. वाचतीन तरी.